मोजणी जुळली आहे

१

चौकशीअंती असं निष्पन्न झालं, की त्या दिवशी तुरुंगातून कोणीही पळालेलं नव्हतं.

खरं तर इथेच गोष्ट संपते. पण हा निकाल लागलाच नाही, असं आपण सोयीसाठी धरून चालू. कारण दुपारच्या जेवणाची घंटा झाली तेव्हा तो कोणालाच ठाऊक नव्हता. तुरुंगाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला तर तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की आपल्याला भूक लागली आहे, डबा टेबलावर आहे, आणि दोघांच्या मधे खरजेची रांग आहे.

डॉक्टर तरुण होता, पण ते फक्त जन्मतारखेवरून कळायचं. दवाखान्यात तीन डॉक्टरांच्या जागा मंजूर होत्या. पहिला निवृत्त झाला, दुसरा रजेवर गेला तो रजेतच रमला, उरला तो हा. येणाऱ्या प्रत्येक कैद्याची तक्रार असायची, "झोप लागत नाही." डॉक्टरला लागायची. कुठेही, उभ्या उभ्या. दुसऱ्याच्या छातीचे ठोके ऐकता ऐकता त्याचे डोळे मिटायचे, आणि कैद्यांना वाटायचं, काय मन लावून ऐकतो बिचारा.

रांग मोडून बराकीचा शिपाई आत आला.

"डॉक्टर, आजोबा कुठायत?"

"बराकीत."

"बराकीत नाहीत, म्हणून तर विचारायला आलो."

"मी सकाळच्या फेरीतच सोडलंय त्यांना."

"कुठं?"

"बराकीत."

"अहो, पण बराकीत नाहीत!"

हे संध्याकाळपर्यंत चालू शकलं असतं. तुरुंगात बरीचशी कामं अशीच चालतात. पण डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

आजोबा म्हणजे तुरुंगातले सगळ्यांत म्हातारे कैदी. त्यांना आजोबा म्हणणं नियमात बसत नव्हतं, तरी अधीक्षकसाहेबसुद्धा म्हणायचे. त्यांनी काय केलं होतं, हे डॉक्टरने कधी विचारलं नाही. विचारलं, की नाडी बघताना आपलाच हात बदलतो, असा त्याचा अनुभव होता. त्याच्यापुरते आजोबा म्हणजे एक मधुमेह, एक न भरणारी पायाची जखम, आणि "दुखतंय का?" विचारलं की "तुम्हाला वेळ असेल तर दुखतंय," असं म्हणणारा माणूस. बरेच दिवस दवाखान्याच्या खाटेवर काढून झाले होते. जखम जरा सुकली, खाटेवर डोळा ठेवून तिघं बसलेच होते, म्हणून सकाळी डॉक्टरने सलाइन काढायला सांगितलं, "आजोबा, आज सुट्टी," असं म्हटलं आणि तो पुढच्या खाटेकडे वळला.

दवाखाना आणि बराक यांच्या मधे एक अंगण. दोन्ही बाजूंना भिंत, झाड नाही, झुडूप नाही, सावलीसुद्धा नाही. तिथे माणूस हरवायचा म्हणजे कमाल होती.

"पळाले?" रांगेतल्या कोणीतरी कौतुकाने विचारलं.

"त्या पायानं?" दुसरा म्हणाला. "त्यांना संडासला जायचं तर सकाळी निघावं लागतं."

पळाले असोत नाहीतर उडाले असोत, डॉक्टरच्या डोक्यात एकच गोष्ट आली. आजोबांचं शरीर स्वतःच्या जिवावर चालत नव्हतं, इन्सुलिनच्या इंजेक्शनवर चालत होतं. ते चुकलं, की सरकारी शिक्षा माफ होऊन वरची लागू होणार होती.

तो आजोबांच्या खाटेपाशी गेला. आणि जे दिसलं त्याने त्याची भूक गेली.

२

खाटेवर नवी, धुतलेली चादर अंथरलेली होती. तिच्यावर आजोबांचा कैद्याचा पोशाख नीट घडी करून ठेवलेला होता.

पळून जाणारा माणूस कपडे टाकून जाईल, हे एक वेळ पटतं. पण जाता जाता चादर बदलून जाईल?

भोंगा वाजला. अधीक्षकसाहेब आले. साहेब म्हणजे निवृत्तीला टेकलेला माणूस, आणि टेकलेला माणूस जसा हलत नाही तसे तेही कशाने हलत नसत. आज हलले होते.

"पोलीस बसस्थानकावर पाठवलेत. साध्या वेशात. काय शोधताय ते कोणाला सांगायचं नाही, असं बजावलंय."

"त्यांना तरी सांगितलंय का?" डॉक्टरने विचारलं.

साहेबांनी ऐकलं नाही. "वर कळवायचं नाही. संध्याकाळची मोजणी जुळली पाहिजे. बाकी मला काही माहीत नाही. डॉक्टर, पेशंट तुमचा, शोधा तुम्ही. रोगाचं निदान करता ना? मग याचंही करा."

"मी खरजेचं करतो, साहेब."

"खाज सगळ्याच्या मुळाशी असते," साहेब म्हणाले, आणि आपण काहीतरी मोठं बोललो असं वाटून जरा थांबले. मग सिस्टरकडे वळले. "तुम्ही इथेच होतात ना? आजोबांना पळताना पाहिलंत का?"

"पळताना?" सिस्टर म्हणाल्या. "त्यांना धड चालवत नाही, पळतील कुठले?"

सिस्टर वयाने डॉक्टरच्या आईएवढ्या. नेहमीच्या सिस्टर बाळंतपणाला गेल्या, म्हणून यांना मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागातून इथे धाडलं होतं. नोकरीचा सगळा जन्म बाळंतिणींत गेलेला. पहिल्याच दिवशी पोट धरून आलेल्या एका दरोडेखोराला त्यांनी "कळा किती वेळाने येतायत?" असं विचारलं होतं. दरोडेखोराने विचार करून उत्तरही दिलं होतं.

"साहेब, ती सुट्टी…" सिस्टर बोलायला लागल्या.

"सुट्टी?" साहेब कडाडले. "इथे आग लागलीय आणि तुम्हाला सुट्टी सुचतेय? सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द! ऐकलं? सगळ्यांच्या!"

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. तोंडातलं वाक्य त्यांनी गिळलं, आणि डॉक्टरसाठी चहा आणायला निघून गेल्या. चहा आला तेव्हा कपाच्या कडेला जांभळी नक्षी होती. नवे कप आले वाटतं, असं डॉक्टरला वाटलं. सरकारी खात्यात नवे कप येत नाहीत हे कळायलासुद्धा त्याच्यात त्राण नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचं पांघरूण बोललं.

"डॉक्टरसाहेब, साक्षीदार हवाय का?"

३

पांघरुणातल्या माणसाला सगळे वकील म्हणायचे. पदवी नसताना वकिली केली म्हणून तो आत आला होता. मजा अशी, की त्याचे बरेचसे अशील सुटले होते, फक्त स्वतःची केस त्याने स्वतः लढवली.

"काय पाहिलंत?"

"काहीच नाही. मी झोपलो होतो. उलटतपासणीत विचारलंत तरी मी झोपलेलाच असेन."

"मग कसला साक्षीदार?"

"ऐकीव. आजोबा कोणाशी तरी बोलत होते. आधी म्हणाले, 'खरंच?' मग म्हणाले, 'नक्की ना?' मग रडले."

"आणि दुसरा माणूस?"

वकिलाने आवाज खाली आणला. "दुसरा म्हणाला, 'आता परत इकडे दिसलात तर बघा!'"

डॉक्टरच्या अंगावर काटा आला. ही सरळसरळ धमकी होती. त्याला उगाच वाटून गेलं, की हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय, पण कुठे ते आठवेना. थकल्या डोक्यात आठवणी येतात त्या नको त्याच.

"आवाज कोणाचा होता?"

"पांघरुणात होतो ना. मला वाटलं, बायकोच आली. म्हणून डोळे उघडले नाहीत."

"वकीलसाहेब, म्हातारा माणूस आहे. इंजेक्शन चुकलं तर जाईल."

वकिलाने पहिल्यांदाच पांघरूण पुरतं बाजूला केलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "म्हणूनच बोललो, डॉक्टर. नाहीतर मी फुकट बोलतो होय? ते रडले ना, ते घाबरून नाही रडले. घाबरून रडणारे मी खूप ऐकलेत."

डॉक्टर उठला. दारात कंपाउंडर उभा होता.

"सर, चोरी झालीय. औषधाच्या खोलीत."

४

कंपाउंडर आयुष्यभर एकाच भीतीत जगला होता, की एक दिवस चोरी होईल आणि आळ आपल्यावर येईल. आज ती झाली होती, त्यामुळे तो घाबरलेला होता आणि थोडा सुटल्यासारखाही दिसत होता.

"काय गेलं?"

"इन्सुलिन. महिनाभर पुरेल एवढं. सुया. आणि बर्फाचा थर्मास."

"झोपेच्या गोळ्या?"

"आहेत."

"दुखण्याच्या?"

"आहेत सगळ्या. खोकल्याच्या औषधालासुद्धा हात नाही लावला."

हे फारच विचित्र होतं. तुरुंगात झोपेच्या एका गोळीसाठी माणूस आपली भाकरी सोडतो, आणि खोकल्याच्या औषधासाठी तर धडधाकट माणसं खोकायला शिकतात. इन्सुलिन मात्र कोणी फुकट दिलं तरी घेत नाही. असा चोर कोण, जो तिजोरी उघडतो, सोनं तिथेच ठेवतो आणि घरमालकाचा चष्मा घेऊन जातो? तेही चष्म्याचं फडकं न विसरता?

"किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे, तुमच्याकडे, आणि सिस्टरांकडे." कंपाउंडरने आपले खिसे उलटे करून दाखवले. "सर, मी नाही हो घेतलं. मला साधा मधुमेहसुद्धा नाही."

डॉक्टर भिंतीला टेकला. चोरी आणि पलायन, दोन प्रकरणं. निदानाचा एक जुना धडा त्याला आठवला. दोन लक्षणं एकाच दिवशी दिसली, तर दोन रोग शोधत बसू नये. ज्याने आजोबांना नेलं, त्यानेच औषध नेलं. म्हणजे ज्याने नेलं त्याला आजोबा जिवंत हवे होते. महिनाभर तरी.

धमकी देणारा, चादर बदलणारा, आणि बर्फाचीसुद्धा आठवण ठेवणारा अपहरणकर्ता! असा माणूस डॉक्टरला घरी हवा होता.

पण तो बाहेर पडला कुठून? बाहेर जायला दार एकच, आणि त्या दारावर शिक्का उभा होता.

५

शिक्का म्हणजे फाटकावरचा हवालदार. मुलाखतीच्या दिवशी, आणि तो दिवस मुलाखतीचाच होता, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर तो आत येताना जांभळा शिक्का मारायचा आणि बाहेर जाताना तपासायचा. या कामात त्याचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं.

"शिक्का नसेल तर माझा बाप आला तरी सोडत नाही," तो म्हणाला.

"वडील येतात का?"

"एकदा आले होते डबा घेऊन. घामाने शिक्का पुसला. जेवायची वेळ टळेपर्यंत बसवून ठेवले."

"काही बोलले नाहीत?"

"अजून बोलत नाहीत."

"आज आजोबा इथून गेले का?"

"कैद्याच्या पोशाखात कोणीही गेलं नाही."

"आणि साध्या कपड्यांत? म्हातारा माणूस, लंगडणारा?"

"म्हातारे पुष्कळ. मुलांना भेटायला म्हातारेच येतात. तरण्या बायका पहिलं वर्ष येतात, मग म्हातारेच. रडत गेले असतील, भेटून जाणारे रडतातच. एक तर पिशवी छातीशी धरून इतका रडत होता, की मीच म्हटलं, बाबा, सावकाश."

"त्याचा चेहरा पाहिलात?"

हवालदाराने डॉक्टरकडे दया येऊन पाहिलं. "चेहरे मी बघत नाही. चेहऱ्याला शिक्का नसतो."

"आणि शिक्का होता त्याला?"

"होता की! चांगला मोठा, गडद. जरा पसरला होता, पण होता."

कैद्याला शिक्का मारत नाहीत. शिक्क्याचा ठसा हवालदाराच्या पट्ट्याला साखळीने बांधलेला, झोपतानासुद्धा सुटत नसे. मग आजोबांच्या मनगटावर जांभळा रंग आला कुठून?

डॉक्टर दवाखान्यात परतला. पाय ओढत बेसिनपाशी गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि टेबलावरचा चहाचा कप उचलला. गार झालेला. त्याने कडेच्या नक्षीवरून ओला अंगठा फिरवला.

नक्षी अंगठ्याला लागली.

६

सिस्टर जखमांच्या पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. त्यांच्या बोटांची टोकं जांभळी होती.

"सिस्टर, सकाळी आजोबांच्या मनगटातली सलाइनची सुई तुम्ही काढलीत?"

"हो. जागा जरा लालसर वाटली, म्हणून जांभळं औषध लावलं चांगलं भरपूर."

"डाव्या मनगटावर."

"डाव्याच."

डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसला. दुपारपासून सगळ्यांनी सिस्टरांना एकच प्रश्न विचारला होता, कैद्याला पळताना पाहिलंत का? आणि त्यांनी त्याचं खरं उत्तर दिलं होतं. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"सिस्टर, आजोबांचं काय करा म्हणून मी सांगितलं होतं?"

"सुट्टी द्या म्हणालात."

"मग?"

"मग दिली."

बाहेर खरजेची रांग खाजवत होती.

सगळं जागेवर बसलं. ज्या रुग्णाला सुट्टी मिळते त्याचा रुग्णालयाचा पोशाख घडी करून ठेवतात. खाटेची चादर बदलतात. घरी लागणारी औषधं बांधून देतात, महिन्याची. दानात आलेल्या कपड्यांच्या पेटीतून सिस्टरांनी सदरा-पायजमा काढून दिला होता. आतल्या दारांवर पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टरांना कोणी अडवत नाही, त्यामुळे मुलाखतीच्या खोलीपर्यंत त्यांनी आजोबांना हाताला धरून नेलं होतं. तिथून पुढे भेटून निघालेल्या माणसांच्या लोंढ्याने. आणि जाताना, प्रत्येक बाळंतिणीला दारात सांगतात तेच लाडाने सांगितलं होतं, "आता परत इकडे दिसलात तर बघा!" डॉक्टरला आता आठवलं, ते वाक्य त्याने कुठे ऐकलं होतं. प्रत्येक दवाखान्याच्या प्रत्येक दारात.

"पण हा तुरुंग आहे, सिस्टर."

"ते दिसतंय मला. भिंती काय कमी उंच आहेत? पण इथे रोज म्हणतात, अमका सुटला, तमका सुटला. तुम्ही म्हणालात, आजोबांना सुट्टी. मला वाटलं, सुटले बिचारे. त्यांनाही तेच वाटलं." त्या जरा थांबल्या. "इथे सुट्टी म्हणजे काय असतं?"

"दवाखान्यातून परत बराकीत."

"मग तिला सुट्टी का म्हणता?"

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं पद त्या खात्यात मंजूरच नव्हतं.

"मी सांगायला गेले, तर साहेब म्हणाले, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. मी म्हटलं, आता काय माणसाला रस्त्यावरून ओढून आणणार? घाबरले मी. माझी पेन्शन तोंडावर आलीय, डॉक्टर."

"आजोबा जेवून गेले होते का?"

"नाही, घंटा व्हायची होती. मी दुपारचं इंजेक्शन देऊन टाकलं. म्हटलं, घरी गेल्या गेल्या गरम गरम जेवतील."

डॉक्टर ताडकन उठला. दुपारपासून तो उलट्या गोष्टीला भीत होता. इन्सुलिन न मिळाल्याने साखर चढते, पण चढणारी साखर माणसाला वेळ देते. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर उतरते, आणि ती वेळ देत नाही.

"त्यांना शेवटचं काय सांगितलंत? शब्द न् शब्द आठवा!"

"न्यायला कोणी नव्हतं ना. मला रागच आला त्यांच्या घरच्यांचा. मी म्हटलं, फाटकाबाहेर बाक आहे, न्यायला कोणी येईपर्यंत त्याच्यावरून उठायचं नाही."

पोलीस बसस्थानक पालथं घालत होते. आणि इतकी वर्षं जो माणूस ऊठ म्हटलं की उठत होता आणि बस म्हटलं की बसत होता, त्याला शेवटचा हुकूम मिळाला होता बसण्याचा.

डॉक्टरने ग्लुकोजचा पुडा उचलला आणि तो धावत सुटला.

७

"थांबा!" शिक्का म्हणाला. "खिशात काय?"

"ग्लुकोज."

"पांढरी पूड बाहेर नेता येत नाही."

"अहो, साखर आहे!"

"सगळे साखरच म्हणतात."

डॉक्टरने पुडा हवालदाराच्या हातात कोंबला, म्हणाला, "तुम्हीच खा," आणि तो दिंडीदरवाजातून बाहेर पडला.

बाक भिंतीला लागून होता. आजोबा त्याच्यावर ताठ बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. डॉक्टरने खांदा धरला तर ते सरळ त्याच्या अंगावर कलंडले. त्यांचं वजन जवळजवळ नव्हतंच.

समोर चहाची टपरी होती. "साखर!" डॉक्टर ओरडला. "साखर आण!"

"किती चहा?" टपरीवाल्याने विचारलं.

"चहा नको! नुसती साखर!"

टपरीवाल्याच्या आयुष्यात अशी मागणी पहिलीच असावी. पण आजोबांकडे बघून तो डबाच घेऊन धावला. डॉक्टरने साखर पाण्यात घोळली, आजोबांचं डोकं उचललं आणि घोट घोट पाजत राहिला. "गिळा, आजोबा. गिळा. अजून एक. माझ्यासाठी एक." असलं काही तो कोणाला कधी म्हणाला नव्हता.

बऱ्याच वेळाने घाम थांबला. आजोबांचे डोळे फिरत फिरत आले आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर टेकले.

"तुम्ही आलात न्यायला?"

डॉक्टरने उरलेला घोट त्यांच्या ओठांना लावला.

"सिस्टर म्हणाल्या होत्या, कोणीतरी येईल," आजोबा म्हणाले. "मी म्हटलं, कोण येणार? लेक तर विसरली असेल. पण उठलो नाही हो. लघवीला लागली तरी उठलो नाही."

डॉक्टरने त्यांना टपरीवर पोटभर खायला घातलं. मग हाताला धरून फाटकाशी आणलं. हवालदाराच्या ओठांवर पांढरी पूड होती.

"मुलाखतीची वेळ संपली," तो म्हणाला.

"हे आजोबा आहेत. कैदी आहेत."

"कैदी असते तर आत असते. आत नाहीत, म्हणजे कैदी नाहीत. शिक्का दाखवा."

आजोबांनी निमूटपणे मनगट पुढे केलं. घामाने सगळं जांभळं वाहून गेलं होतं.

८

"मोजणी जुळली," साहेब म्हणाले. संध्याकाळ झाली होती, आणि ते आपल्या खुर्चीत पुन्हा टेकले होते.

"कशी जुळेल, साहेब? एक माणूस बाहेर बाकावर बसलाय!"

"मी सांगितलं होतं, जुळली पाहिजे. माझी माणसं चांगली आहेत. जुळली."

"पण सापडले ना ते! आत घ्या, झालं."

"डॉक्टर, तुम्ही शिकलेले आहात, जरा विचार करा. मोजणी जुळलेली आहे. आता तुम्ही आत एक माणूस आणलात, तर एक जास्त होईल. एक कमी झाला तर म्हणता येतं, पळाला. एक जास्त झाला तर काय म्हणायचं? घुसला?"

"मग त्यांना घरी जाऊ द्या."

"कसं जाऊ देऊ? शिक्षा बाकी आहे त्यांची. आणि ते तर आतच आहेत."

डॉक्टरने डोळे मिटले. या वेळी झोपेने नाही.

यथावकाश वरून चौकशी आली, चहा प्यायली, आणि कोणीही पळालेलं नाही असा निर्वाळा देऊन गेली. पळालंच नाही, म्हणून दोषी कोणीच नव्हतं. सिस्टर परत बाळंतिणींत गेल्या. जाताना त्यांनी बाकापाशी थांबून आजोबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या. डॉक्टरला पुष्कळदा वाटलं, की त्यांना विचारावं, खरंच चुकलात का? पण त्याने विचारलं नाही. नाडी बघतानाचा नियम त्याने इथेही पाळला.

डॉक्टर दोन वेळा बाहेर येऊन आजोबांना इंजेक्शन द्यायचा. टपरीवाल्याने ताडपत्री दिली. आतून वकील जेवण पाठवायचा, कारण आजोबांचं ताट रोज आत येतच होतं. मोजणीत होतं ना.

पण पाय बिघडला. पट्टीतून वास यायला लागला. डॉक्टरने रिक्षा करून आजोबांना मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं, तर तिथले म्हणाले, हा कैदी आहे, तुरुंगाचं पत्र आणि पहारा आणा. तुरुंग म्हणाला, आमचे आजोबा खाटेवर नाहीत म्हणजे बराकीत ठणठणीत आहेत, बाहेरच्या माणसासाठी पत्र कसं देणार? डॉक्टरने जखम स्वतःच साफ केली, बाकावर, टपरीच्या गरम पाण्याने. आजोबांनी दात आवळून धरले.

"दुखतंय का?"

"आता तुम्हाला वेळ आहे, म्हणून सांगतो. फार दुखतंय."

त्या दुपारी डॉक्टर आत वकिलाच्या खाटेशी गेला. वकिलाने मसुदा फुकट केला. आजोबांनी पिशवी मांडीवर घेऊन, तिच्यावर कागद ठेवून, सावकाश सही केली. डॉक्टरने तो अर्ज फाटकावर दिला. हवालदाराने त्याच्यावर जांभळा शिक्का मारला, आणि अर्ज आत गेला:

"प्रति, मा. अधीक्षकसाहेब. विषय: अर्जदार कुठे आहे हे ठरवून मिळणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार, सध्या मुक्काम फाटकाबाहेरील बाक, विनंतीपूर्वक अर्ज करतो, की माझ्या पायाची जखम आत असलेल्या माणसाची धरली तर बाहेर उपचार होत नाहीत, आणि बाहेर असलेल्या माणसाची धरली तर आत होत नाहीत. तरी मला आत घेण्यात यावे, अथवा मी बाहेर आहे असे लेखी देण्यात यावे. दोन्ही शक्य नसल्यास, निदान उजव्या पायापुरते मी कुठे आहे ते कृपा करून ठरवण्यात यावे, उर्वरित शरीराबाबत माझा कोणताही आग्रह नाही, ही नम्र विनंती."